अर्ध्या शिडीवरचा क्रूस

प्रिय कंपाद्रे फिदेन्सिओ,

तुझ्या बहिणीनं पत्ता द्यायला फार आढेवेढे घेतले. शेवटी माझी काठी बघून विरघळली. काठीचा तेवढा तरी उपयोग. फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्र फार तर फाडशील, पण फाडण्याआधी वाचशीलच, मी ओळखतो तुला.

मी कामावर परत आलोय. पाय बरा आहे. पाऊस येणार हे आता आभाळाआधी त्याला कळतं. डॉक्टरनं आत पट्ट्या घातल्यात, स्क्रू पिळलेत. स्लॅब भरला आणि सेंटरिंगचे टेकू काढायचे राहून गेले, तसा चालतो मी. काम तेच, आपलं अर्धवट राहिलेलं, औषधवाल्या बाईंचं घर. वरचा मजला गड्यांनी माझ्यावाचून उभा केला, आणि खोटं कशाला बोलू, ओळंबा लावून बघितला तर भिंत सरळ निघाली. जरा वाईटच वाटलं.

पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच मला आपली माणसं ऐकू आली. कुणी शीळ घालत होतं, नाबोर कुणाच्या तरी सासूचा उद्धार करत होता. माझी काठी खडीवर वाजली आणि सगळं बंद. "या मेस्त्री, सावलीत या. जपून हां, तिथं खिळे आहेत." हा नाबोर! माझ्या कानांवरून मला तोंडावर ससा म्हणणारा, माझ्या नव्या बुटांना "मढ्याच्या पायातले काढले का रे?" विचारणारा. त्यानं माझ्यासाठी खुर्ची आणली. बांधकामावर खुर्ची कुणाला मिळते हे तुला सांगायला नको. घरमालकाला आणि पाद्रीबाबाला.

दुपारी नेहमीसारखा ढलप्यांचा जाळ केला, पत्रा तापवला, मक्याच्या भाकऱ्या टाकल्या. प्रत्येकानं आपलं फडकं मध्ये सोडलं. कुणाचा घेवडा, कुणाची भाजलेली मिरची, कुणाच्या बायकोचं रात्रीचं उरलेलं. तुला आठवतं, आपण दोघं चुना कालवायला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी मी भिंतीआड एकटा जेवत होतो, तर तू ओरडलास, "काय रे, चोरून आणलंस का?" त्या दिवसापासून आपण एकत्र जेवतोय. माझ्या लेकीला, एनेदिनाला, बाप्तिस्म्याला हातावर धरून तू माझा कंपाद्रे झालास ते पुष्कळ नंतर, पण मी आपलं नातं त्या घेवड्यापासून धरतो. तर परत आलो त्या दिवशी मला वेगळं ताट आलं. स्वच्छ धुतलेलं, वर रुमाल. खुर्चीत बसून जेवलो. पलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "हळू बोल, ऐकतोय तो." कंपाद्रे, फरशीवर थापी वाजवून खाली पोकळ कुठं ते मी सांगतो. त्या दुपारी सगळीकडे पोकळच वाजत होतं.

घरी तरी कोण आहे? एनेदिना सासरी, तिची आई तर गेलीच. तुझं नाव काढावं तर गडी कालवलेल्या मालात बघायला लागतात.

मग तीन मे आला, आपल्या गवंड्यांचा सण. एनेदिना कागदाची फुलं घेऊन आली, क्रूस सजवला. औषधवाल्या बाईंनी मोलेच्या तिखट रश्शाचं पातेलं आणि बिअर पाठवली. क्रूस घराच्या अगदी माथ्यावर मेस्त्रीनंच न्यायचा. तो दुसऱ्यानं नेला की त्या दिवसापासून मेस्त्री दुसरा. कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. नाबोर म्हणाला, "मी नेतो ना मेस्त्री. तुम्ही खालून सांगा कुठं लावायचा." प्रेमानं म्हणाला, तेच टोचलं. हो म्हणालो असतो तर मरेपर्यंत त्या खुर्चीत बसलो असतो.

काठी खुर्चीवर ठेवली, क्रूस पाठीला बांधला, शिडी चढायला लागलो. पायानं साथ दिली. दगा हातांनी दिला. खिडकीवरच्या लिंटेलपाशी आलो आणि पुढची पायरी धरायला हात सुटेचनात. वर जाता येईना, खाली येता येईना. खाली कुणाची शीळ नाही, श्वासही नाही. शेवटी लिंटेलमधून डोकावणाऱ्या सळीला तिथंच क्रूस बांधून टाकला. अर्ध्या शिडीवर.

 मग नाबोरचा आवाज आला, "ए सशा, क्रूस आहे की कोंबड्यांना बसायला दांडी? अजून खाली लाव की, कुत्र्यालाही पाया पडता येईल." एकजण हसला, मग सगळेच. मी इतका हसलो की शिडी हलायला लागली, तेव्हा दोघांनी कमरेला धरून, शिव्या घालत मला उतरवलं. दुपारी वेगळं ताट नव्हतं. सगळ्यांबरोबर पत्र्यावर बोटं भाजून घेतली. तुझी बादली मात्र पालथी, रिकामीच होती. तिच्यावर अजून कुणी बसत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मी परांचीवरून पडून इस्पितळात बेशुद्ध असताना तू एनेदिनाला म्हणालास, "परांचीची गाठ माझी होती," आणि मोंतेर्रेईची बस धरलीस. पडण्याआधी मी लाकूड कडाडलेलं ऐकलं होतं, कंपाद्रे. दोर सुटताना कडाडत नाही. पण नुसत्या माझ्या कानांवर तू विश्वास ठेवला नसतास. म्हणाला असतास, ससा माझी समजूत काढतोय. म्हणून गप्प होतो. त्या दिवशी जेवणानंतर नाबोर मला घरामागं घेऊन गेला. परांचीचे वासे तिथं पडलेत, अपशकुनी म्हणून कुणी हात लावलेला नाही. एका वाशाला तुझी गाठ तशीच आहे, आणि तिच्यात फळीचं मोडकं टोक अजून आवळलेलं आहे. फळी मोडली, गाठीनं तिला सोडलं नाही. मी हातांनी ओढली, दातांनी ओढली, हलली नाही. कापायला सुरी आणली नाबोरनं, मी नको म्हटलं. ज्यानं बांधली त्यानं येऊन सोडवावी. क्रूस अजून अर्ध्यावरच आहे. औषधवाल्या बाई रोज विचारतात, वर कधी नेणार. मी सांगतो, शिडी धरणारा माणूस यायचा आहे.

तुझाच,
ससा