आंबा म्हणून सांगितलेलं लाकूड

११ नोव्हेंबर
वनस्पतीशास्त्राची पेपर तपासणी. दोन गठ्ठे उरलेत. दुपारी पालीहून वंदनाताई कॉलेजात आल्या. लेथवर लाकडी भातुकली करतात. पिशवीतून लाकडाची चकती काढली. रस्त्याच्या कामात तोडलेलं झाड. ओंडका विकणारा म्हणाला आंबा.
"पोरं तोंडात घालतात ना ओ, म्हटलं मॅडमना इचारून घेऊ."
भिंगातून पाहिलं. राखाडी, मऊ, छिद्रं विखुरलेली. आंबाच. सालीलगत काळी कड. बुरशी असेल. सांगून मोकळी झाले.

१९ नोव्हेंबर
त्यांच्या सुनेचा, शीतलचा फोन. ताई इथे दवाखान्यात. तोंड सुजलंय, डोळे उघडत नाहीत, हातांवर फोड. नवा ओंडका चढवल्यापासून. डॉ. म्हणतात ॲलर्जी.
चकती अजून लॅबच्या कपाटात आहे.

२० नोव्हेंबर
सकाळी आधी लॅब. आडवा काप आंब्यासारखाच. मग उभा काप घेतला. किरणांत, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांत, चिकाच्या नळ्या. रानबिब्बा, आंब्याच्याच कुळातला, चीक लागला की अंगावर फोड आणणारा. ती काळी कड म्हणजे वाळलेला चीक.
आडव्या छेदावर थांबू नका, असं वर्गात दरवर्षी मीच...

२१ नोव्हेंबर
दवाखान्यात गेले. सांगायचं ठरवून.
"बांगडा बाधला बहुतेक," वंदनाताई म्हणाल्या. "तुम्ही कशाला कॉलेज सोडून आलात?"
मी म्हटलं, आराम करा. आणि उठले.
नवऱ्याला, अजितला घरी सांगितलं. तो म्हणाला, "लेखी थोडंच दिलंयस?" बरं वाटलं क्षणभर. त्याचीच जास्त लाज वाटली.

२२ नोव्हेंबर
शीतल सहज बोलून गेली, त्या ओंडक्याची भातुकली विकलीसुद्धा. मग थांबता येईना. पलंगाशी उभी राहून सगळं सांगितलं.
ताई सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून बघत राहिल्या.
"म्हणजे बांगडा नव्हे."
"नाही."
"मी इचारलं होतं तुम्हाला."
एवढंच. मग शीतलला म्हणाल्या, "अंगणवाडीत दिलेली आधी आण जा."

२३ नोव्हेंबर
शीतलबरोबर अंगणवाडीत. सुदैवाने खोका उघडलाच नव्हता. बाईंना कारण सांगताना शीतल "लाकूड खराब निघालं" म्हणाली. मी नुसती मान हलवली. तिने मला वाचवलं की ताईंना, कळलं नाही.
दुसरा संच पालीच्या बाजारात गेलाय. मुंबईची गाडी होती, छोटी मुलगी. छोटी कढई हातात घेऊनच गाडीत बसली म्हणे.
पैसे फोनवरून आले होते, त्यावरून नंबर मिळाला. लावला. कुणी उचलत नाही. मेसेज केला, वाचलेला दिसत नाही.

२४ नोव्हेंबर
ताईंना दवाखान्यातून घरी सोडलं. पोचवायला येऊ का विचारलं. शीतल हळू आवाजात म्हणाली, "आई नको म्हणतात. फोन लागला की कळवा."
दिवसभर लावत होते. मुंबईच्या लोकांना अनोळखी नंबर म्हणजे जाहिरातच. मुलीचं नावही ठाऊक नाही, तरी डोळ्यांसमोर तिचे हात.
संध्याकाळी एका बाईंनी उचलला. मागे मूल रडत होतं. हट्टाचं रडणं की दुसरं, काही कळेना.
"कोण बोलतंय?"
मी नाव सांगितलं. म्हटलं, तुम्ही पालीहून लाकडी भातुकली नेलीत ना, ते लाकूड आंब्याचं आहे असं मीच—
"एक मिनिट हं," त्या म्हणाल्या आणि फोन खाली ठेवला. बंद केला नाही. फोन कानाशी धरूनच लिहितेय, रडणं ऐकू येतंय.