आत्याचा फोन आणि हिरवी पुडी

३ सप्टेंबर

सिउचू आत्याचा फोन आज मेला. भर उन्हात, स्कूटरच्या हँडलवर, जेवण पोचवायला निघालेली असताना. नकाशा नाही. अर्धा तास गल्ल्यांत फिरली, सूप गार, गिऱ्हाईक तणतणलं. अजून दोनदा असं झालं तर कामावरून काढतील म्हणे.

घरी येऊन म्हणाली, "पेइ, नवा घ्यायचाय. तू दिवसभर फोनचंच वाचत असतेस ना? तू सांगशील तो घेते."

शाळा सोडल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं.

४ सप्टेंबर

आत्याला परवडणारं मॉडेल एकच. पण आत चिप दोन तऱ्हेची. एक बाबांच्या कंपनीची — त्यांच्याच टीमनं तपासलेली. दुसरी बाहेरची, थोडी महाग.

जेवताना बाबा म्हणाले, "घरची चिप असताना बाहेरची कशाला? मला ऑफिसातून स्वस्तात मिळेल."

आत्या म्हणाली, "दादा, तुझी चिप तुझ्यासारखीच असायची. ऐन कामाच्या वेळी झोपणारी."

बाबा हसले नाहीत. शेवया अर्ध्याच टाकून उठले.

७ सप्टेंबर

ओळखीच्या दुकानातून दोन्ही फोन दिवसभरासाठी मिळाले. बोलली आत्याच. मला दुकानदारांशी बोलणं जमत नाही, मी बाहेर उभी.

दोन्ही हँडलला बांधले, नकाशे चालू केले. मी मागे बसून तापमानाची मापं घेतली. बाहेरची चिप — ४१ अंश. घरची — ३५ मिनिटांत ४७. आधी नकाशा अडकला, मग स्क्रीन काळी.

"काय गं, कुठला?" आत्यानं पुढं बघतच विचारलं.

आमच्या सिंचू शहरात कान भरून टाकणारा वारा कायमचाच. ऐकू न आल्यासारखं केलं.

८ सप्टेंबर

माझ्यामुळंच झालंय हे.

जूनमध्ये बाबांनी हिरवी पुडी आणायला सांगितलेली. कुरकुऱ्यांची. बाबांच्या कंपनीत तपासणीच्या मशीनवर सगळेच ठेवतात — मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवीच लागते, आणि ताजी लागते. दुकानात एकच होती, तारीख उलटलेली. "दुसरी आहे का?" एवढंसुद्धा विचारता आलं नाही मला. तारीख नखानं खरवडली आणि बाबांना दिली.

वेड्यासारखं आहे, कळतंय. पण चिप तापतेय ना.

९ सप्टेंबर

बाबा उद्या आत्याचा फोन आणणार. घरच्या चिपचा. आत्या म्हणाली, "पेइ काही बोलली नाही, म्हणजे चांगलाच असेल."

१० सप्टेंबर, सकाळ

सगळी मापं कागदावर लिहिली. खाली लिहिलं — पुडी जुनी होती. तारीख मी खरवडली. कागद बाबांच्या डब्याच्या पिशवीत घातला.

११ सप्टेंबर

आत्याकडे बाहेरच्या चिपचा फोन आहे. बाबांनीच आणला.

माझा कागद माझ्या टेबलावर परत. ४७ खोडून ५१ केलंय. खाली बाबांचं अक्षर —

'पुडी तू जूनमध्ये आणलीस. चिप ५१ पर्यंत तापते हे मला मार्चपासून माहीत होतं.'