दुसऱ्याची डबी

४ फेब्रुवारी
गावाहून हिचा फोन. परत तेच! "माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, आता तुमची करा." बायकोनं नवऱ्याला असं बोलायचं? मी रोज बारा तास ग्राइंडर चालवतो, लोखंडी टाक्यांचे सांधे घासतो — माझ्यात काय कमी असणार! फोन आपटला. मग वाईट वाटलं. फोनचं. काच गेली.

७ फेब्रुवारी
आईचा फोन. "तीन वर्षं झाली लग्नाला, पाळणा हलला नाही. पावसाळ्यापर्यंत बघते, मग तिला माहेरी पोचवून येते." मी म्हटलं, "आई, ती काय बिघडलेली शिलाई मशीन आहे?" आईनं फोन ठेवला. आमच्या घरात सगळेच फोन आपटतात.

११ फेब्रुवारी
दवाखान्यानं आणि कंपनीनं मिळून जेवणाच्या हॉलमध्ये शिबिर लावलं. सिस्टर म्हणाली, "मूल दोघांचं, तर तपासणीही दोघांची. बायको लांब असेल तर फोनवर घ्या. रिपोर्ट दोघांना एकदमच सांगणार." सगळे माना खाली घालून फिदीफिदी. मी मागून विचारलं, "आणि सासूला?" हशा! सिस्टर म्हणाली, "तू ये पुढे. पहिलं नाव तुझंच."
जीभ नाही, वैरीण आहे.

१२ फेब्रुवारी
नमुन्याची डबी मिळाली. वर माझं नाव. खरं इथेच लिहितो — भीती वाटते. माझ्यातच असलं तर?

१३ फेब्रुवारी
युक्ती! खालच्या खाटेवरचा वेल्डरदादा. तीन पोरांचा बाप! माल त्याचा, नाव माझं. म्हटलं, "दादा, महिनाभर तुमची भांडी मी घासतो." तोंड कसनुसं करून म्हणाला, "अरे, दुसरं काहीही माग." मी सोडतोय होय! शेवटी डबी घेऊन गेला बिचारा.

१९ फेब्रुवारी
रिपोर्ट. ही फोनवर, मी ऐटीत खुर्चीत. सिस्टरनं वाचलं — शुक्राणू शून्य. एकसुद्धा नाही!
बाहेर येऊन दादाला कोपऱ्यात गाठलं. इकडेतिकडे बघत म्हणाला, "तिसऱ्या बाळंतपणात बायकोचा जीव जाता जाता वाचला. मग मीच नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. तुम्हा पोरांना सांगितलं असतं तर जगू दिलं असतंत?"
"मग डबी का दिलीत?"
"नाही म्हटलं असतं तर कारण विचारलं असतंस!"
पोट धरून हसलो असतो. पण रिपोर्ट ऐकल्यावर ही हळूच म्हणाली, "घरी मी दोष माझाच म्हणून सांगते. तुम्ही कुणाला काही बोलू नका. जेवलात का?"
ते कानातून जात नाही.

२० फेब्रुवारी
तिला सगळं सांगून टाकलं. आधी हसली. मग रडली. मग अशा शिव्या दिल्या, की तिला त्या येतात हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं. सिस्टरलाही सांगितलं, दादाचं नाव सोडून. तिनं दुसरी डबी दिली. "या वेळी स्वतः जा. मी दाराबाहेर उभी आहे."
कसं जमायचं माणसाला!

२७ फेब्रुवारी
माझा रिपोर्ट चांगला! कॉलर ताठ केली, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी फोनवर हिला विचारलं, "तीन वर्षांत एकत्र किती दिवस राहिलात?"
"एकोणपन्नास." लगेच! मोजून ठेवलेत!
डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "दोघांच्याही तपासण्या ठीक आहेत. मी काय औषध देऊ? आधी एका घरात राहा. वर्षभरानं गरज पडली तर दोघं मिळून या."
आई मात्र तीन वर्षं हिलाच कडू औषधं पाजतेय. आणि मी? मी फोन आपटत होतो.

२ मार्च
आईला सांगितलं, चूक माझी आहे, तिला एक शब्द बोलायचा नाही. आई रागावली आहे. रागावू दे. कारखान्यामागे खोली बघितली — खाट एकच मावते. हिच्या तिकिटाचे पैसे उद्या पाठवतो. एकाच बाजूचे, यायचे : २,३४० रुपये.