घरात एकच पेशंट

रविवार, २२ फेब्रुवारी, सकाळ

तीर्थरूप बाबांना,

साष्टांग नमस्कार. तुम्ही फिरायला गेला आहात, म्हणजे प्रकृती उत्तम असावी. ‘इकडे सर्व क्षेम’ असं लिहायची पद्धत आहे. पण ‘इकडे’ म्हणजे तुमचंच घर आणि तुमचंच जेवणाचं टेबल, तेव्हा इकडचं क्षेम तुम्ही आल्यावर स्वतःच बघा.

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत वजन आणि बीपी घेणाऱ्या मुलीने तुमच्या दंडावरचा पट्टा सोडून दुसरा, रुंद पट्टा बांधला आणि आकडा खाली आला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तुमचंही बदलायला हवं होतं. तुम्ही डॉक्टर बदललात.

राग येईल. येऊ दे. पण वाचताना मशीन लावू नका, एवढी एक विनंती. नंतर लावा, कारण त्या मशीनचं काम आहेच.

आपल्या घराची रीत बाहेर कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. सकाळचा चहा झाला की टेबलावर मशीन येणार, तुम्ही बाही वर करणार, आई गॅस बारीक करणार आणि सगळे त्या फुसफुसणाऱ्या पट्ट्याकडे बघत बसणार. आकडा बरा आला तर त्या दिवशी बोलायला परवानगी. वर गेला तर सहलीचे पैसे, उशिरा येणं, नवी चप्पल, सगळं उद्यावर. कोळी जसे हवामान बघून होडी पाण्यात घालतात तसे आम्ही तुमचा आकडा बघून तोंड उघडायचो.

ताईला बाहेरगावी नोकरी लागली होती. तुम्हाला आठवतं का, ते मला खरंच जाणून घ्यायचंय. तिने बिचारीने सलग चार चांगल्या सकाळी बघून मग विषय काढला, आणि तुमचा आकडा असा उसळला की ती ‘नाही, मी सहज म्हटलं’ म्हणून गप्प बसली. आता ती दोन गल्ल्या सोडून राहते. आपल्या घरून फोन आला की उचलायच्या आधी ती चप्पल घालते. भावोजी हसतात. मला हसू येत नाही.

माझं तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आणि फोन आला, बाबा सिरीयस आहेत. मिळेल त्या गाडीने उभ्याने आलो. तुम्ही पाठीशी दोन उशा घेऊन बसला होतात आणि मला म्हणालात, ‘जेवलास का?’ पित्त होतं. पित्तच, बाबा. डॉक्टरांनी दारातच सांगितलं. पण तुम्ही ‘आता इतक्यात जाऊ नकोस’ म्हणालात आणि मी आपला तुमच्या रंगाच्या दुकानात रंग कालवायला लागलो. कॉलेज मला फार आवडत होतं असं नाही, ते खोटं लिहिणार नाही. रंग कालवायला मला जास्त आवडतं. गिऱ्हाइकाने फुटक्या फरशीचा तुकडा आणून ‘असाच हवा’ म्हटलं आणि तसाच निघाला की जीव थंड होतो. पण कॉलेज सोडायचं तर ते मी सोडलं असतं. तुमच्या पित्ताने का सोडावं?

तर, तुम्हाला डॉक्टरांकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. तिथल्या बाकड्यावर बसून मी जे शिकलो ते कॉलेजात शिकलो नसतो. तिथे येणाऱ्यांतले अर्धेअधिक आजारी नसतातच. कुणाची सून बोलत नाही, कुणाचं ऑफिस सुटलंय, कुणाला नुसतं ‘कसं वाटतंय?’ असं विचारणारं माणूस हवंय. सर्दी झालेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी येतो आणि चौथ्या दिवशी सर्दी आपोआप गेली की डॉक्टरांच्या हाताला गुण आहे म्हणतो. तुमची बागेतली मंडळीही तशीच. एकाने गुडघा काढला की दुसरा मणका काढतो. तुम्ही नेहमी हृदय काढता, म्हणून जिंकता. आणि टेकडीही सगळ्यांच्या आधी चढता.

एकदा दवाखाना रिकामा असताना मी डॉक्टरांना विचारलं, ‘एवढी माणसं खरंच आजारी पडतात?’

ते चष्मा पुसत म्हणाले, ‘दहातले सात घरी झोपून राहिले असते तरी बरे झाले असते.’

‘आणि उरलेले तीन?’

‘ते इथे येत नाहीत. त्यांना वेळ नसतो.’

तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

आता त्या पट्ट्याचं. तुम्ही आपलं मशीन पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यायचात. त्यांचं जुनं आहे, आपल्यावरच घ्या, म्हणायचात, आणि आधीचा कंपाउंडर वाद नको म्हणून घ्यायचा. स्वतःचं मशीन घेऊन डॉक्टरांकडे जाणारा दुसरा माणूस मी अजून पाहिला नाही. ही मुलगी नवी होती. तिने तुमच्या दंडाकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘काका, वीस-वीस लिटरचे डबे उचललेला हात आहे हा. त्याला हा पट्टा लहान पडतो. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो.’

‘इतकी वर्षं दाखवतोय तो काय खोटा?’ तुम्ही म्हणालात.

‘खोटा नाही हो. तोकडा.’

मग तिने रुंद पट्टा बांधला. मी आकडा बघितला, तुमच्याकडे बघितलं. बाबा, माणसाला आनंद होतो अशा वेळी. तुमचा चेहरा मात्र दुकानाची किल्ली कुणी काढून घेतल्यासारखा झाला. डॉक्टरांनी पुढे चार-पाच वेळा बोलावून, पुन्हापुन्हा तपासून सांगितलं, ‘ठणठणीत आहात, गोळीही नको.’ गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, ‘म्हातारा झाला आता, त्याला समजत नाही.’ पुढच्या आठवड्यात नवा डॉक्टर, तीन गोळ्या, आणि घरी येताना तुम्ही शीळ घालत होतात.

मला मात्र जुन्याच दवाखान्यात जाणं भाग होतं. घसा दुखायला लागला. मग अंगठा. मग पाठ, तीही कधी डावी कधी उजवी. शेवटी त्या मुलीने थर्मामीटर झटकत सांगितलं, ‘तुमचा आजार मला कळलाय. त्याला इथे औषध नाही, आणि बाहेर माणसं ताटकळली आहेत. दुकान किती वाजता बंद होतं?’

तिच्याबद्दल ह्या पत्रात लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. कागद कमी पडेल म्हणून. तिला मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळालीय, इथून चार तासांवर. ती आज निघतेय. मलाही तिथे रंगाच्या डेपोत काम मिळालंय. तिच्यासाठी जातोय का? हो. नोकरीसाठी जातोय असं काल जेवताना म्हणालो ते अर्धंच होतं.

तुम्हाला अर्धंही पुरलं. ‘त्या पट्टेवालीच्या मागे?’ म्हणालात आणि छातीवर हात ठेवलात.

बाबा, मी ताटावरून उठलो नाही. हे तुम्ही पाहिलंत, म्हणून लिहितो. आई धावली, ताई आली, नवे डॉक्टर आले, हृदयाचा आलेख काढला, तो स्वच्छ निघाला, आणि मी तिथेच बसून होतो. तुम्ही ताईला सांगितलंत की ह्याचं काळीज दगडाचं आहे. घास माझ्या तोंडात होता, बाबा, आणि तो ना गिळता येत होता ना थुंकता. एखाद दिवशी तुम्हाला खरंच दुखेल आणि तेव्हा आमच्यातलं एकही माणूस उठणार नाही, ह्याची मला तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटते. पण त्या भीतीवर मी आणखी वीस वर्षं काढणार नाही. पुढच्या वेळी छातीवर हात ठेवाल तेव्हा खरं असेल तरच ठेवा. आणि खरं असेल तर ताबडतोब ठेवा, मी असेन तिथून येईन.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. लिहू नकोस असं आईने शपथ घालून सांगितलंय, आणि मी ती शपथ मोडतोय.

रुंद पट्ट्याच्या त्या दिवशी तुम्ही आत डॉक्टरांशी हुज्जत घालत होतात, आणि तुमचं मशीन बाहेर तसंच पडलं होतं. त्या दिवशी बरोबर आलेली आई बाकड्यावर बसली होती. त्या मुलीने तिच्याकडे बघून विचारलं, ‘काकू, जिना चढताना नेहमी अशी धाप लागते?’ आणि उत्तराची वाट न बघता तुमचा तो लहान पट्टा आईच्या दंडाला बांधला. मापून शिवल्यासारखा बसला. तिने आकडा बघितला. पुन्हा घेतला. मग त्यांच्या मशीनवर घेतला. तिन्ही वेळा तेच. तुम्हाला आयुष्यात कधी आला नाही इतका वरचा आकडा होता, बाबा.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा आईने बाही खाली केलेली होती. ‘काय झालं?’ तुम्ही विचारलंत, आणि ती म्हणाली, ‘काही नाही, ऊन लागलं.’

घरी आल्यावर मी भांडलो तिच्याशी. ती भांडी आवरत म्हणाली, ‘घरात एकच पेशंट पुरे रे. दुसरा झाला तर पहिल्याचं कोण करणार?’

ती रोज गोळी घेते. तुमच्या टेबलावर नाही, मागच्या खोलीत, शिलाईच्या यंत्राच्या खणात आहे पाकीट. जुन्या डॉक्टरांनी तिला हृदयाच्या तपासणीची चिठ्ठी दिलीय. दोनदा जायचं ठरलं. दोन्ही वेळा सकाळी तुमचा आकडा वाढला आणि ती घरी थांबली.

मी म्हटलं होतं, तुझ्यासाठी थांबतो, नाही जात. तर म्हणाली, ‘माझ्या आजाराचं नाव करून थांबू नकोस. ह्या घरात तसे थांबलेले पुष्कळ झाले.’ इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. माझा डबा भरून ठेवलाय तिने, आणि आता मुद्दाम मागच्या खोलीत जाऊन बसलीय, म्हणजे मला दारात तिच्याकडे बघत उभं राहावं लागू नये.

तर बाबा, आज्ञा करायचा मला अधिकार नाही, तरी करतोय. चहा झाला की मशीन काढा आणि आईच्या दंडाला बांधा. ती नको म्हणेल, मशीन बिघडलंय म्हणेल, ऊन लागलंय म्हणेल. ऐकू नका. उद्या सकाळी तपासणीला तिला तुम्ही न्यायचं. ताई नाही, तुम्ही. गाडी तुम्हाला उत्तम चालवता येते. आणि बाकड्यावर बसाल तेव्हा शेजारच्याला स्वतःचं काही सांगू नका. तिथे तुम्ही पेशंटच्या बरोबर आलेले असाल.

तुम्ही मला घरात घेणार नाही हे धरून चाललोय. तरी महिन्याने येईन, त्या पट्टेवालीला घेऊन. तिच्याकडून एकदा नीट बघून घ्या तुमचा दंड. तुमची तब्येत चांगली आहे ही बातमी इतकी वाईट नाही, बाबा. वीस वर्षं आहेत अजून तुमच्याकडे. ती आईबरोबर काढा.

निघतो. बॅग खांद्याला लावून उभ्याउभ्या ह्या शेवटच्या ओळी लिहितोय. पुढचं दार फुगलंय, जोरात ओढल्याशिवाय लागत नाही, तेव्हा आवाज होईल. शेजारचे तुम्हाला सांगतील की पोरगा दार आपटून गेला. तसंच समजा. मी बाहेरून ओढून घेतोय.

तुमचाच, काल न उठलेला,

धाकटा