'काचेची तुळस' सुधारण्याची माझी मोहीम

५ नोव्हेंबर २००६, रविवार
आजपासून 'काचेची तुळस' बघणं बंद. निर्णय फायनल. सहा वर्षं मालिका चालू आहे आणि त्या घरातला एक माणूस कामाला जाताना दिसलेला नाही. शर्वरी गेले चौदा महिने गरोदर. तिचा नवरा रणजित दोनदा मेला, दोनदा परत आला, दोन्ही वेळा दाढी गुळगुळीत. याला लेखन म्हणायचं? मी दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये हेडक्लार्क आहे. साधा गेटपास लिहितो, तरी मागचंपुढचं जुळवून लिहितो.
हिला, म्हणजे सुचित्राला, निर्णय सांगितला. ही म्हणाली, बरं. आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

६ नोव्हेंबर, सोमवार
पाहिली. पण बघणं वेगळं आणि अभ्यास वेगळा. टीका करायची तर पुरावा लागतो. खुर्ची मुद्दाम तिरपी ठेवली, म्हणजे प्रेक्षक वाटू नये.
रणजितला जिन्यावरून कोणी ढकललं ते दाखवलंच नाही. नुसते पाय दाखवले. जेवताना हिला सहज विचारलं, कोण असेल? ही म्हणाली, "तुम्ही तं बंद केली ना?"
बायकांना अभ्यास हा प्रकार समजत नाही.

८ नोव्हेंबर, बुधवार
जिनिंग: शांतता. यंदा कापूस येतच नाही. अर्धा पावसानं नेला. राहिला तो लोकांनी घरात भरून ठेवला, भाव नाही म्हणून. मशीन बंद. ऑफिसात कबुतरं.
वेळेचा सदुपयोग म्हणून संस्था काढली. 'दर्जेदार मालिका प्रेक्षक मंच, दिग्रस.' अध्यक्ष मी. सचिव मारोतराव. त्यांचं बाजाराच्या रस्त्यावर शिलाईचं दुकान आहे. ते म्हणाले, "मले काई लिवा लागन का?" नाही म्हटल्यावर लगेच तयार झाले.
उद्दिष्ट: लेखक मंडळींना जागं करणं. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी, रात्री आठला, वाचनालयाच्या हॉलमध्ये जाहीर परिसंवाद. मालिकेला पर्याय म्हणून ऐन मालिकेच्या आधी वेळ ठेवली आहे. रविवारी मालिका नसते हे नंतर लक्षात आलं. हरकत नाही. प्रतीकात्मक.

१५ नोव्हेंबर, बुधवार
लोडशेडिंगचं नवीन टाईमटेबल आलं. रात्री आठ ते दहा लाईट नाही. म्हणजे साडेआठची मालिका गावाला दिसणारच नाही. वा! माझं काम विजेच्या ऑफिसनं केलं. दिग्रसची अभिरुची आपोआप सुधारणार.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
झोप नाही. डास असावेत.
रणजितला कोणी ढकललं हा प्रश्नच नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. पण सोडलेला धागा लेखकानं कसा गुंडाळला हे कळल्याशिवाय टीका अपुरी राहते. मारोतरावांना विचारलं. त्यांनाही माहीत नाही. संपूर्ण गावात कोणाला माहीत नाही. ही काय परिस्थिती झाली!

१९ नोव्हेंबर, रविवार
परिसंवाद प्रचंड यशस्वी. हॉल गच्च. लाईट नसल्यामुळे घरी कोणी थांबायला तयार नव्हतं असं काही जण म्हणतात, पण ते दुय्यम कारण. गॅसबत्तीच्या उजेडात मी पाऊण तास बोललो. नंतर प्रेक्षकांची मतं मागवली. इथे थोडी गडबड झाली.
पहिले उठले मारोतराव. माझेच सचिव. म्हणाले, "लेखन एक नंबर हाय. पंधरा दिवस नाई पाह्यलं तरी काईच हुकत नाई. लोडशेडिंगवाल्या मानसाचा इचार करून लिवते तो." टाळ्या.
मग शेजारच्या विमलताई. रिटायर्ड शिक्षिका, त्यांच्याकडून फार अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "आपल्या घरात कपटी कोण ते वीस वर्षं कळत नाही. तिथं ती बाई नुसती दारात आली की बाजा वाजते. केवढी सोय आहे!" आणखी टाळ्या.
मालिकेवर खरी टीका एकटीनंच केली. आमच्या गल्लीत तांड्यावरून दूध घेऊन येते ती गंगी. म्हणाली, "त्या घरात येवढे मानसं. दिवसभर चहा पेतेत. दूध कोन देते? सहा सालात एकडाव तरी दूधवाली दाखवाले पायजे होती का नाई?" मुद्दा बिनतोड. पण तिला मालिका बंद नको होती. तिला मालिकेत दूधवाली हवी होती.
शेवटी केबलवाला फुलचंद उठला. म्हणाला, लाईट विजेच्या ऑफिसातून जाते अन् शिव्या मले खा लागते. ठराव करा. झाला ठराव एकमतानं: मालिकेच्या वेळी लाईट असावी. त्यासाठी मोर्चा. मोर्चाचं नेतृत्व अध्यक्षांनी करावं.
थोडं विषयांतर झालं खरं. पण मंचाची ताकद दिसली. आधी मालिका दिसली पाहिजे, मगच सुधारता येईल. तर्कशुद्ध आहे.

२२ नोव्हेंबर, बुधवार
मोर्चा. बायकाच बायका. पुढे मी, माझ्या मागे विमलताई, त्यांच्या हातात घंटा. विजेच्या ऑफिसातला इंजिनीअर कोवळा पोरगा. मी त्याच्याशी लेखनाच्या दर्जाबद्दल बोलत होतो. तो सारखा घंटेकडे बघत होता. म्हणाला, "सर, वेळ बदलून देतो. माझी आईही याच मालिकेपायी पुसदहून तीनदा फोन करून राह्यली."
सुचित्रा मोर्चात होती. परत येताना म्हणाली, चांगलं बोलले. हे वाक्य लिहून ठेवतो. लग्नानंतर प्रथमच.

२७ नोव्हेंबर, सोमवार
विजय! लोडशेडिंग आता संध्याकाळी सहा ते आठ. साडेआठला लखलखाट. फुलचंदनं लोकल चॅनलवर पट्टी फिरवली: 'मा. कमळाकरजींचे अभिनंदन'. कमलाकर पाहिजे होतं. चालायचंच.
रणजितला ढकललं ते पाय त्याच्या स्वतःच्या भावाचे. मला वाटलंच होतं. (मला मावशी वाटली होती. पण भाऊही वाटला होता.)
दुपारी जिनिंगच्या शेठनी बोलावलं. म्हणाले, सीझन असाच जाणार असं दिसून राह्यलं, काम लागलं की निरोप पाठवीन, तोवर येऊ नका. म्हणजे रजाच. सार्वजनिक कामाची कदर शेठसारख्या माणसालाही असते. टेबलाच्या ड्रॉवरची किल्ली मात्र मागून घेतली. सुरक्षेसाठी असेल.
हिला सांगायची घाई नाही. उगाच काळजी करेल. निरोप आठवड्याभरात येईलच.

२८ नोव्हेंबर, मंगळवार
नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघालो. मारोतरावांच्या दुकानात बसलो. मंचाचं ऑफिस तिथंच हलवलं आहे. आत, कापडाच्या गठ्ठ्यामागे. रस्त्यावरून दिसत नाही. सहाला घरी. हिनं विचारलं, थकले का? म्हटलं, भयंकर काम.

१ डिसेंबर, शुक्रवार
चॅनलनं दगा दिला. सोमवारपासून 'काचेची तुळस' साडेआठऐवजी सातला.
सहा ते आठ लाईट नाही.
इंजिनीअरकडे गेलो. तो म्हणाला, आता मार्चपर्यंत टाईमटेबलला हात लावता येत नाही, साहेबांनी वेळ बदलल्याबद्दल आधीच झापलं. विमलताई समोरून आल्या आणि विजेच्या खांबाकडे बघत निघून गेल्या. गंगीनं आणलेलं आजचं दूध पातळ होतं.
हे सगळं अपयश नाही. टप्पा आहे.

५ डिसेंबर, मंगळवार
अंधारात बसलो होतो. ही भाकरी थापत होती. म्हणाली, पुसदला सातला लाईट असते, भैरवी पाहते, सकाळी फोनवर सांगते. मी ऐकून तुम्हाले सांगत जाईन, तुमच्या अभ्यासासाठी. भैरवी म्हणजे माझी मेव्हणी. बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून मी तिचा फोन घेत नाही. तर हिच्यातर्फे बरं.
आज कळलेलं: रणजित ज्या कारखान्यात जायचा तो बंद पडला. अखेर त्या घरातला एक माणूस कामाला जात होता हे कबूल केलं! माझ्या टीकेचा परिणाम दिसतो. त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे.

८ डिसेंबर, शुक्रवार
मालिकेनं कमालीची झेप घेतली आहे. रणजित घरी सांगत नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि दिवसभर देवळात बसतो. शर्वरीला माहीत आहे. पण ती बोलत नाही. रोज सकाळी डबा भरून देते. उलट भाजी थोडी जास्तच घालते.
बाजा नाही, रडणं नाही. मी हिला विचारलं, मग शर्वरी बोलत का नाही? ही म्हणाली, "काय बोलन ती? त्याले वाटते तिले माहीत नाही. तेवढ्यावरच तं तो सकाळी कपडे घालून निघते."
संवाद बघा! याला म्हणतात लेखन.
रणजितचं पात्र मात्र फार मूर्ख लिहिलं आहे. कोणत्या बाईच्या लक्षात येणार नाही? देवळासारख्या उघड्या जागी बसायचं कशाला? माझी गोष्ट वेगळी. मी गठ्ठ्यामागे बसतो.

११ डिसेंबर, सोमवार
कालचा दिवस गेला नाही. रविवार, भैरवीचा फोन नाही. आज हिनं भाजी फोडणीला टाकायच्या आधीच मी चटई टाकून बसलो.
आज: शर्वरी बाजाराला जाते. त्या रस्त्यानं देऊळ लागतं. तिला लांबून रणजित दिसतो, डबा उघडून एकटा जेवत असलेला. ती तिथंच वळते आणि लांबच्या गल्लीनं घरी येते. त्याला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून.
डोळ्यात चुलीचा धूर गेला. आमच्याकडे गॅस आहे हे ही म्हणाली. धूर शेजारचा असेल.
शेठचा निरोप: नाही.

१२ डिसेंबर, मंगळवार
लेखकाचं जाहीर अभिनंदन करणं मंचाचं कर्तव्य. फुलचंदला पट्टी द्यायला गेलो: 'दिग्रसच्या प्रेक्षकांपुढे काचेची तुळस नतमस्तक'. त्याच्या केबलच्या खोलीत जनरेटर आहे, तो रोज पाहतो. तो म्हणाला, "काका, असं काईच नाई दाखवलं. शर्वरी आठ दिवसांपासून आरतीचं ताट घेऊन दारातच उभी हाय."
फुलचंद वायरी जोडतो. आशय त्याच्या डोक्यावरून जातो. समजावून सांगितलं की आरतीचं ताट हे वरवरचं दृश्य, खरं कथानक आत असतं. तो "हो काका" म्हणाला. पट्टी फिरवली.

१४ डिसेंबर, गुरुवार
मी निघायच्या आतच भैरवी आली. आर्णीला एका लग्नाला जाताना वाटेत उतरली. चहा होईपर्यंत मी साहजिकच विषय काढला. म्हटलं, तुझ्यामुळे आमचा अभ्यास चालू आहे, पुसदला लाईट असते म्हणून बरं.
ती म्हणाली, "काय लाईट जी! आमच्याकडे तं पाचालेच जाते. अन् ती मालिका मी दिवाळीपासून पाहून नाई राह्यली. कोन पाह्यते ते?"
स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज एकदम थांबला.
मी म्हटलं, साखर थोडी कमी टाका. कोणाला म्हटलं, का म्हटलं, माहीत नाही.
भैरवी चारच्या बसनं गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. डबा आज नेलाच नव्हता. तरी आज सकाळी तयार होता, माझ्याआधी.

१५ डिसेंबर, शुक्रवार
विचारलं. कधीपासून माहीत आहे?
ही म्हणाली, पहिल्याच दिवसापासून. जिनिंगचा चौकीदार खेमसिंग मंगळवारच्या बाजारात भेटला. त्यानं विचारलं, साहेब घरी बसून काय करते. ही म्हणाली, काय करन, मालिका पाहते. दुसऱ्या दिवशी मारोतरावांच्या दुकानासमोरून येत होती, तर गठ्ठ्यामागून माझ्या चपला दिसल्या. लांबच्या गल्लीनं घरी आली.
मी म्हटलं, मग सरळ बोलायचं.
"सरळ बोलली असती तं तुम्ही ऐकलं असतं का? मालिकेतलं म्हणून तरी रोज ऐकलं."
  मग मी विचारलं, रणजितचं पुढे काय होते?
म्हणाली, अजून ठरवलं नाही.
मी म्हटलं, लेखनाचा माझा एवढा अभ्यास आहे, एक सूचना करतो. कारखान्याचा मालक स्वतः गाडी घेऊन दारात येतो, हात जोडतो, म्हणतो, तुमच्याशिवाय मशीन सुरू होत नाही. रणजित आधी नाही म्हणतो, मग सगळ्यांच्या आग्रहाखातर जातो.
तिनं थोडा विचार केला. म्हणाली, "नको. खोटं वाटते."
मग मेथीची जुडी माझ्यापुढे ठेवली.
निवडली. देठं फार ठेवली म्हणाली. परत निवडली.