दरासाठी प्रत्यक्ष भेटा

३ जून
ड्रोन आला. बायकोला, मार्लीसला, सांगितला होता त्यापेक्षा जरा मोठा आहे, म्हणजे किमतीने. आकाराने लहानच आहे, त्यामुळे तिच्या लक्षात यायचं कारण नाही.
कागदगिरणी बंद होताना जे पैसे हातात पडले त्यातून घेतला. याला खर्च म्हणत नाहीत, भांडवल म्हणतात. उद्यापासून धंदा सुरू. नाव ठरलं: हॉगन एरियल.

४ जून
पैसे घेऊन ड्रोन उडवायचा तर सरकारी परीक्षा द्यावी लागते म्हणे. विषय: ढग, वारे, विमानतळ. जन्मापासून मिनेसोटात राहतोय, ढगांचा अभ्यास मला काय करायचा?

१९ जून
नापास. प्रश्न फारच पुस्तकी होते.

८ जुलै
पास. मार्लीसने रूबार्बच्या आंबटगोड वड्या केल्या. खाता खाता तिने विचारलं की दर काय ठेवणार. बाजाराचा अभ्यास चालू आहे म्हणालो. ती म्हणाली, बाजार म्हणजे हे टॅमरॅक लेक गावच ना? मग दुपारपर्यंत होईल अभ्यास.

१२ जुलै
दिवसभर दर ठरवला. इंटरनेटवरचा एक माणूस सांगतो, स्वस्तात काम केलंत की लोक तुम्हालाच स्वस्त समजतात. दुसरा सांगतो, सुरुवातीला पडेल त्या भावात करा. दोघांचेही दात फार पांढरे आहेत. कुणाचं ऐकावं?
शेवटी पाचशे डॉलर लिहिले. मग आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणून बघितले. पाचशे. घसा बसला. तीनशे म्हणून बघितले. दीडशेपर्यंत आलो तेव्हा कुठे आवाज नीट निघाला. आपल्याकडे कुणाच्या तोंडावर आकडा बोलायची पद्धतच नाही, त्याला मी काय करू?
कार्डं छापायला टाकली. त्यावर घातलंय: ‘दरासाठी प्रत्यक्ष भेटा’. भारदस्त वाटतं.

१५ जुलै
मेहुणा आला. डुएन, मार्लीसचा धाकटा भाऊ. सेप्टिक टँक उपसतो. त्याच्या गाडीच्या दारावर दर रंगवलाय, तळ्याच्या पलीकडून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. कार्ड उलटंसुलटं करून म्हणाला, दाजी, माझ्या धंद्याला वास येतो पण भाव आहे. तुमच्या धंद्याला वासही नाही आणि भावही नाही.
त्याचा मदतनीस सोडून गेलाय, माणूस हवाय. मार्लीसने तिथल्या तिथे निकाल दिला. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडेपर्यंत पैसे देणारं एक तरी गिऱ्हाईक दाखव, नाहीतर डुएनच्या गाडीवर चढ. मी हसत हसत कबूल केलं. नोव्हेंबरपर्यंत मलाच मदतनीस ठेवावा लागेल.

२२ जुलै
घरांची दलाली करणाऱ्या शेरीला नमुने दाखवले. ‘हे काहीतरी वेगळंच आहे,’ म्हणाली. आपल्याकडे न आवडलेल्या गोष्टीला असं म्हणतात हे खरं, पण तिच्या आवाजात कौतुक होतं. पुढे ‘बघू’ही म्हणाली. म्हणजे काम झाल्यातच जमा.

३ ऑगस्ट
चर्चमध्ये जेवण होतं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशशेजारी कार्डांचा गठ्ठा ठेवला. तिथे सगळे येतातच. जेवणं उरकल्यावर मार्लीसला तो गठ्ठा डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सापडला. कागद चांगला जाड निवडला होता, हे सिद्ध झालं.

१७ ऑगस्ट
पहिलं काम! पाद्रीबुवांच्या शेजारचे म्हातारे एल्मर स्कोगन. त्यांना आपल्या धान्याच्या कोठाराचा वरून फोटो हवा होता. छान निघाला.
‘किती झाले?’ त्यांनी विचारलं. आता इथली रीत ठरलेली आहे. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, छे, काही नको. दुसऱ्यांदा आग्रह झाला की म्हणायचं, अहो, खरंच नको. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मान खाली घालून म्हणायचं, बरं, एवढं म्हणताच आहात तर. कॉफी असो, केक असो की पैसे, पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस अधाशी.
एल्मरनी तिन्ही वेळा रीतसर आग्रह केला. तिसऱ्यांदा मी मान खाली घातली. त्यांनी आत जाऊन परसातल्या भाजीची, झुकिनीची, भरलेली पिशवी आणून दिली.
मार्लीस म्हणाली, झुकिनी पैशांत धरत नाही. मी म्हटलं, सुरुवात आहे. ती म्हणाली, ऑगस्टमध्ये या गावात जास्तीची झुकिनी कुणी गाडीत टाकून जाऊ नये म्हणून लोक दारं कुलूपबंद ठेवतात.

१४ सप्टेंबर
वारा. उडवला नाही.

१५ सप्टेंबर
वारा.

१६ सप्टेंबर
वारा पडला. पण आता मन लागत नाही. शेरीचा फोन नाही. चौकशी केली तर तिचा भाचा मोबाईल काठीला बांधून फोटो काढतो आणि तिला तेवढ्यावर भागतं. लोकांना दर्जाची कदरच नाही. हे गाव सोडून मोठ्या शहरात धंदा केला पाहिजे. मार्लीसला बोलायचा धीर झाला नाही.

२८ सप्टेंबर
नशीब उघडलं! पूर्वेच्या काठावरचं मोठं लाकडी घर ॲरिझोनाच्या काल्डवेल जोडप्याने घेतलंय. ब्रेंट आणि टॅमी. पानं रंगली आहेत तोवर घर, तळं, रान, सगळ्याची फिल्म हवी आहे. पैसेवाली माणसं. पाचशेच सांगणार. आरशासमोर सराव केला. दाराबाहेरून मार्लीस म्हणाली, जरा मोठ्याने.

३ ऑक्टोबर
पहाटे शूटिंग. तळ्यावर धुकं होतं, मेपल लालभडक. ड्रोन वर नेला आणि धुकं फाटून खालून घर वर आलं. गिरणीत एवढी वर्षं काढली, पण मी केलेल्या कुठल्याही गोष्टीकडे बघून मला असं कधी वाटलं नव्हतं. मार्लीसला फिल्म दाखवली. ती म्हणाली, पुन्हा लाव.

९ ऑक्टोबर
फिल्म दिली. टॅमीच्या डोळ्यांत पाणी आलं. ब्रेंटने खिशातून पेन काढलं आणि विचारलं, किती द्यायचे?
मी म्हणालो, छे, काही नको.
तो म्हणाला, नक्की?
मी म्हणालो, अहो, खरंच नको.
आता तिसरा आग्रह. मी मान खाली घालायच्या तयारीत उभा. ब्रेंटने पेन खिशात ठेवलं, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, तुमच्यासारखी माणसं हल्ली राहिली नाहीत.
अंगणात थोडा रेंगाळलो. गाडीत बसलो, पट्टा लावला, काढला, परत लावला. शेवटी ब्रेंट बाहेर आला. वाटलं, आला! त्याने विचारलं, गाडी सुरू होत नाहीये का?

१० ऑक्टोबर
मार्लीसला सांगितलं की चेक पोस्टाने येणार आहे. हे खोटं नव्हे. विचार केल्यावर त्यांच्या लक्षात येईलच. कुठल्याही घरात कुणीतरी शहाणं असतंच.

१६ ऑक्टोबर
मार्लीसने माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा आणि माग. मी म्हटलं, मागायला गेल्यासारखं दिसेल. ती म्हणाली, त्यालाच धंदा म्हणतात, लाइल. त्यांच्या घराच्या वळणापर्यंत जाऊन आलो. दिवे लागले होते, जेवत असतील. जेवणाऱ्या माणसाला कसं उठवायचं?

२० ऑक्टोबर
पोस्ट आली. चेक नाही. ॲरिझोनातून यायला वेळ लागत असेल.
मग आठवलं, ते इथेच राहतात.

२९ ऑक्टोबर
एका शिकाऱ्याचा फोन. रानात हरणं कुठे आहेत ते ड्रोनने आधी बघून सांगायचं, रोख पैसे. हे कायद्यात बसत नाही. मी बाणेदारपणे नको म्हटलं. त्यानेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. आग्रह करायची रीत गावातूनच चाललीय.

नोव्हेंबर, मोसम उघडायच्या आदल्या दिवशी
मार्लीसने डुएनची जुनी डांगरी धुऊन, पाय आखूड करून खुर्चीवर ठेवलीय. शिवण फार सुबक घातलीय. तेच जास्त लागलं.
ड्रोन कपाटात वर ठेवला. तात्पुरता.

सोमवार
डुएनच्या गाडीवर पहिला दिवस. जमीन गोठायच्या आत टाक्या उपसायच्या म्हणून धावपळ. दुपारी गाडी वळली तेव्हा रस्ता ओळखीचा वाटला. काल्डवेल यांचं घर.
टोपी डोळ्यांपर्यंत ओढली, मफलर नाकावर घेतला. नळी मी धरली. काम झाल्यावर टॅमीने हिशेबासाठी दारात बोलावलं. आत भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर माझी फिल्म चालू होती. धुकं फाटत होतं.
डुएन म्हणाला, काय सुरेख आहे हो. टॅमी सांगायला लागली. गावातल्याच एका गृहस्थांनी केली. आम्ही हजार डॉलर द्यायचे ठरवले होते, पण ते काही केल्या घेईनात. घरचे गडगंज असणार, हौस म्हणून करतात. तळ्यावरच्या आमच्या सगळ्या मित्रांना त्यांच्याकडूनच फिल्म करून हवीय, पण मीच सांगून ठेवलंय की पैशाचा विषय काढून त्यांचा अपमान करू नका.
डुएनने माझ्याकडे बघितलं. मी चिखलाच्या बुटांकडे बघितलं. मफलर खाली करून बोलायला हवं होतं, हे आता लिहिताना कळतंय. तेव्हाही कळत होतं. आवाजच निघाला नाही.
डुएनने आकडा सांगितला, मोठ्याने, एका दमात. तिने चेक फाडून दिला. मग विचारलं, थंडी आहे, कॉफी घेणार? डुएन म्हणाला, घेणार की. मी म्हणालो, नको. ती म्हणाली, नक्की? मी म्हणालो, खरंच नको.
तिने डुएनचा कागदी कप भरला आणि भांड्यावर झाकण ठेवलं.
गाडीत बसलो. टोमणा मारायला एवढी चांगली संधी होती, तरी डुएनने मारला नाही. मग त्याने हातातला कागदी कप माझ्यापुढे धरला. नको म्हणालो. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा धरला. मी म्हणालो, अरे, खरंच नको. गावाच्या वेशीपाशी त्याने गाडी कडेला घेतली आणि तिसऱ्यांदा कप पुढे केला. घ्या हो दाजी, म्हणाला.
घेतला. कॉफी गार झाली होती.