घरमा माय शे

सातपूर, ८ जुलै २०२४

प्रिय मार्थाताई हीस,
उज्वलाचा सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर मी ओरडते आणि तू भलत्याचंच उत्तर देतेस, म्हणून पत्र. गुडघा दुखतो ना? मग गच्चीवर चढणं बंद कर.

माझं मन थाऱ्यावर नाही. चर्चच्या खोलीतला वाचनवर्ग महिनाअखेर बंद करते, असं पाळकसाहेबांना सांगून टाकलं. कामगारांची चार मुलं, दीड वर्ष झालं, एकालाही धड वाचता येत नाही. रुद्र अजून 'घ' आणि 'ध'मध्ये ठेचकाळतो. मैना तर दहा वर्षांची, सटाण्याकडची. पुस्तकात 'घरात आई आहे' असं स्वच्छ छापलेलं, आणि ही बिनधास्त म्हणते, 'घरमा माय शे'. चित्र बघून ठोकून देते. मी रोज तांबडी फुली मारते. आता ती तोंडच उघडत नाही. तिचा बाप भिकन म्हणाला, डोक्यात जात नसेल तर गावी आजीकडे धाडतो, धाकट्याला तरी सांभाळेल. मी काय सांगणार?

पूर्वी प्रार्थनेत चौघांची नावं घ्यायचे. हल्ली नाव तोंडावर आलं की लाज वाटते. एका जागी बसवत नाही. परवा धुतलेले पडदे काल पुन्हा धुतले.

सलाम घे, आणि रागावलीस तरी लिही.
तुझी,
उज्वला

कळवण, १३ जुलै

प्रिय उज्वला,
अनेक आशीर्वाद.

गच्चीवर कपडे कोण वाळत घालणार, तू?

पत्र वाचून हसू आलं, मग राग आला. मी इथल्या शाळेत मैनाचीच अहिराणी बोलणाऱ्या मुलांना शिकवत म्हातारी झाले, आणि तू मला कधी विचारलं नाहीस. अगं, नुसती अक्षरं जुळवणारं पोर 'आहे'चं 'शे' करत नाही. ते 'आ'पाशीच अडकतं, तुझ्या रुद्रसारखं. 'शे' म्हणायला वाक्य आधी समजावं लागतं. ती मनात वाचते आणि घरच्या बोलीत तुला सांगते. तू वाचनालाच फुली मारते आहेस, बाई! खात्री हवी तर चित्राशिवाय काही लिही, तिने कधी न पाहिलेलं.

आणि प्रार्थनेचं म्हणशील, तर तू करतेस तो तगादा आहे. देवाकडे निकाल मागतेस आणि समोरच्या पोरीकडे बघत नाहीस.

पडदे फाटतील. वेळेवर जेव.
तुझी ताई

सातपूर, २२ जुलै

प्रिय ताई,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी फणफणले. मग फळ्यावर लिहिलं, 'बाई आज रागावलेल्या नाहीत.' मैनाला वाच म्हटलं. ती फ्रॉकचं टोक पिळत उभी. मला वाटलं, संपलं. मग तिने फळा बघितला, माझं तोंड बघितलं, आणि हळूच म्हणाली, हाई खोटं शे.

पोरं खिदळली. वाचल्याशिवाय खोटं कसं कळणार, ताई?

नंतर ओळ तिच्या बोलीत सांगायला लावली, मग पुस्तकाच्या. दोन्ही आली. 'शे' शेजारी 'आहे' लिहून आता दोन्हींना बरोबरची खूण करते. भिकनला बोलावून तिच्याकडून वाचून घेतलं. तो म्हणाला, ही तर आमचंच बोलते. मी म्हटलं, हो, पुस्तकातलं बघून बोलते. गावी धाडणं तूर्त राहिलं. तूर्तच, पण राहिलं.

फार हुरळू नकोस. रुद्र तिथेच आहे, 'घ' आणि 'ध'मध्ये. उरलेली दोघं त्याच्याही मागे. पाळकसाहेबांना वर्ग चालू ठेवते म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मी खोलीची किल्ली दुसऱ्या कुणाला दिलीच नव्हती.

काल उपासनेत प्रार्थना माझ्याकडे होती. चौघांची नावं घेतली, आणि देव आमच्याजवळ आहे म्हणायचं, तर तोंडातून निघालं, 'जवळ शे'. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडून बघितलं. मी दुरुस्त केलं नाही.

गुडघ्याला तेल लाव. लोभ आहेच, तो असाच रागावत राहो.
तुझी,
उज्वला